क्लचताईची अर्धी भूल

"क्लच! क्लच दाबा! अहो, तो ब्रेक झाला, त्याच्या शेजारचा!"

ही आरोळी ऐकू आली की चौकातला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरायचा आणि गाडी सुखरूप पुढे गेली की मगच पुढचा हात मारायचा. आरोळी मारणारी बाई त्या भागातल्या ड्रायव्हिंग स्कूलची मास्तरीण होती. तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी वाचतो कोण? शिकणारे, शिकून गेलेले आणि शिकायला घाबरणारे, सगळे तिला क्लचताईच म्हणायचे.

तिची गाडी छोटी, पांढरी, दोन्ही बाजूंना पायाखाली ब्रेक आणि क्लच असलेली. शिकणारा चुकला की ती आपल्या बाजूने दाबायची. त्यामुळे आयुष्यात काहीही झालं तरी आपल्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे, असा तिचा पक्का समज झाला होता. समोरून ट्रक अंगावर आला तरी तिच्या कपाळाला आठी पडत नसे. मात्र सुई म्हटलं की पाचावर धारण बसे. पोटुशी राहिल्यावर पहिल्यांदा रक्त तपासायला गेली, तेव्हा नर्स ट्रे घेऊन येईपर्यंत ही बया जिना उतरून, रस्ता ओलांडून, समोरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसली होती.

चष्म्याचं दुकान तिच्या नवऱ्याचं. नवरा गोरागोमटा, सरळ, आणि इतका गप्प की गिऱ्हाइकांना वाटायचं, याला ऐकूच येत नाही. काच घासायची, फुंकर मारायची, उजेडाकडे धरून बघायची, यात त्याचा दिवस जाई. बायको रक्त न देता पळून आली हे कळल्यावर तो फक्त "हं" म्हणाला, तिचा हात धरला आणि तिला परत जिना चढवून घेऊन गेला. सुई टोचली जात असताना तिने त्याचं मनगट असं आवळलं की नंतर रक्त नक्की कोणाचं काढलं, असा नर्सला प्रश्न पडला.

नवरा असा गप्प का, याचं उत्तर घरात ठरलेलं होतं. ते सासूबाईंनी दिलेलं होतं आणि सासूबाईंनी दिलेलं उत्तर बदलण्याची घरात पद्धत नव्हती. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलताना अजून एक हात कानाशी जायचा.

"माझ्या वेळी पूर्ण भूल दिली होती," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "तोंडावर मास्क ठेवला आणि मी गेले. जागी झाले तर शेजारी हा. रडला नव्हता म्हणे लवकर. पेंगत होता. तो जो पेंगायला लागलाय, तो अजून पेंगतोच आहे. भूल मला दिली, उतरायची राहिली याची!"

नवरा हे ऐकून काच उजेडाकडे धरी आणि गालात हसे.

नवव्या महिन्यात प्रसूतीच्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, "बाळ पायाळू आहे. डोकं वर, पाय खाली. वळवून बघितलं, पण वळायला तयार नाही."

"म्हणजे रिव्हर्समध्ये येतंय," क्लचताई म्हणाली.

"रिव्हर्समध्येच. आणि या बोळातून रिव्हर्स नको. सिझेरियन करू."

सिझेरियनला तिची ना नव्हती. ना होती ती पाठीतल्या सुईला. मैत्रिणींकडून तिने ऐकलं होतं की हल्ली पाठीच्या कण्यात इंजेक्शन देतात, कमरेखालचं बधिर होतं आणि आई जागी राहते. ऐकूनच तिचा जीव कासावीस झाला. "मला पूर्ण झोपवा," तिने घरात जाहीर केलं. "डोळे मिटले, उघडले, बाळ हातात. मधलं मला काही दाखवू नका."

"बघ बाई," सासूबाई म्हणाल्या, "मग पुढे मुलगी बोलली नाही तर माझ्याकडे यायचं नाही." मुलगीच होणार, हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली ठरली. भूल कुठली द्यायची हे आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन बोलतील, असं दवाखान्यात सांगितलं. क्लचताई मनातल्या मनात त्या भूलतज्ज्ञाशी भांडायची तयारी करू लागली.

आता तिने घरी स्वस्थ बसायला हवं होतं. पण तिची एक विद्यार्थिनी अडली होती. ही विद्यार्थिनी त्याच दवाखान्यातली डॉक्टर. पन्नाशीला टेकलेली, बारीक अंगाची, बोलायला मऊ. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. एकदा चढावर गाडी मागे गेली आणि एकदा गाडी सुरूच झाली नाही. तिसरी परीक्षा जवळ आली होती. "ताई, तुम्ही नुसत्या शेजारी बसा," डॉक्टरबाई गयावया करायच्या. "तुम्ही शेजारी असलात की मला धीर येतो."

"माझ्या पोटाला पट्टा बसत नाही आता."

"मी अगदी हळू चालवीन."

"त्याहून हळू म्हणजे उभी करणं, डॉक्टर!"

पण ती गेली. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवून, पट्टा पोटाच्या खालून आणि वरून कसाबसा घेऊन, पाय ब्रेकवर पोचतील न पोचतील अशी बसली. निघण्यापूर्वी घरी तीन पोळ्या, भाजी आणि वर वाटीभर दही खाऊन निघाली होती, कारण त्या दिवसांत तिला भूक लागली की रडू यायचं. रस्ता रोजचाच ठरलेला: स्कूलपासून दवाखान्यापर्यंत, म्हणजे डॉक्टरबाई सरावही करणार आणि दुपारच्या ड्यूटीवरही पोचणार.

पुलाचा चढ चढून गाडी वर आली आणि क्लचताई एकदम गप्प झाली.

डॉक्टरबाई बावरल्या. "काय चुकलं? मी काय केलं?"

"तुमचं काही चुकलं नाही," क्लचताई सीटकडे बघत म्हणाली. "गाडीचा रेडिएटर फुटला नाहीये ना? मग हे पाणी माझं आहे."

गाडी धाडकन बंद पडली. मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवला. डॉक्टरबाईंनी किल्ली फिरवली, गाडी खोकली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली.

"क्लच!" क्लचताई ओरडली.

"दाबलाय!"

"मग गियर काढा! आणि मान खांद्यात घालून बसू नका, खांदे खाली, श्वास घ्या, लांब बघा!"

गाडी सुरू झाली. आणि मग जे झालं ते क्लचताई पुढे कित्येक महिने शिकणाऱ्यांना सांगत होती. एरवी दुसऱ्या गियरच्या पुढे न जाणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिसरा टाकला. मग चौथा. बसला वाट दिली, रिक्षावाल्याकडून वाट घेतली आणि खड्डा चुकवला. एका हाताने नव्हे, दोन्ही हातांनी, पण चुकवला. हे सगळं चाललेलं असताना त्या विचारत होत्या, "कळ येतेय का? बाळ हलतंय ना? शेवटचं कधी खाल्लंत?"

"आत्ताच. तीन पोळ्या."

"अरे देवा."

"आणि दही."

"पोट भरलेलं असेल तर झोपवायला जरा जपावं लागतं. झोपेत अन्न वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं की आली पंचाईत."

"पण मला झोपायचंच आहे! तो कोण भूलतज्ज्ञ आहे त्याला मी सांगणार आहे..."

"ताई," डॉक्टरबाई आरशात बघून इंडिकेटर देत म्हणाल्या, "तो भूलतज्ज्ञ मीच."

क्लचताईने त्यांच्याकडे पाहिलं. कळ आली, तरी ती हसू लागली. कळ आणि हसू एकत्र आल्यावर बाईच्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकून फाटकावरचा पहारेकरी धावत आला. डॉक्टरबाईंनी गाडी बरोबर पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये उभी केली, हँडब्रेक ओढला आणि मगच स्टिअरिंग सोडलं.

वर तपासणी झाली. बाळाचे ठोके उत्तम पडत होते, टॅक टॅक टॅक, खोलीभर ऐकू येत होते. प्रसूतीचे डॉक्टर म्हणाले, "पुढच्या आठवड्यापर्यंत आता थांबत नाही. आजच करायचं. घाई आहे, पण धावपळ नाही. भुलीचं तुम्ही दोघी ठरवा."

तोवर रस्त्यापलीकडून नवरा आणि घरून सासूबाई येऊन पोचल्या होत्या. नवऱ्याच्या हातात अजून काच पुसायचं फडकं होतं. डॉक्टरबाई खाटेच्या कडेला बसल्या. आवाज तोच मऊ, पण त्यात गयावया नव्हती. क्लचताईला वाटलं, ही बाई मी आजवर पाहिलीच नव्हती.

"पूर्ण झोपवलं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तर औषध तुमच्या रक्तातून थोडं नाळेतून बाळाकडे जातं. म्हणून कधीकधी बाळ जरा पेंगुळलेलं येतं, पहिला श्वास घ्यायला आळस करतं. मग त्याला चोळावं लागतं, मास्कने थोडी हवा द्यावी लागते. बहुतेक बाळं काही मिनिटांत ठाकठीक होतात. पाठीतून दिलं तर औषध अगदी थोडं लागतं आणि ते जागच्या जागीच राहतं, बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. बाळ टक्क जागं येतं. तुम्हीही जाग्या. शिवाय तुमच्या तीन पोळ्या."

"मग पूर्ण भूल देतात तरी कशाला?"

"जीव वाचवायला. बाळाचे ठोके पडायला लागले, रक्तस्राव झाला, एकेक क्षण मोलाचा असला, की पूर्ण भूल सगळ्यात जलद. काहींना पाठीतून देता येत नाही, तेव्हाही. ती वाईट नाही हो. आज तुम्हाला तिची गरज नाही, एवढंच."

सासूबाईंचा हात कानाशी गेला. "थांबा. बाळ पेंगतं ते किती वेळ?"

"मिनिटं. फार तर काही तास जरा सुस्त."

"वर्षं नाही?"

"वर्षं कशी असतील?"

सासूबाईंनी वळून मुलाकडे पाहिलं. सदतीस वर्षं जपलेलं कारण हातातून निसटून जात होतं. "मग हा असा का?"

"आई," नवरा म्हणाला, "तू बोलतेस ना. मला वेळ कधी मिळाला?"

मग सिस्टर फिस्सकन हसली, क्लचताई हसली, कळ आली, कळेतही हसली आणि सगळ्यात शेवटी सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता क्लचताईच्या लक्षात आलं की आपण घाबरायचं विसरलो. घाबरणं परत येण्याआधी बोलून टाकावं म्हणून ती घाईघाईने म्हणाली, "पाठीतून द्या. पण मला सुई दाखवायची नाही. आणि टोचताना सांगायचं नाही."

"न सांगता चालणार नाही. तुम्हाला स्थिर बसावं लागेल."

"मग सांगा. पण हळू."

ऑपरेशनच्या खोलीत चांगलीच थंडी होती. तिला टेबलाच्या कडेला बसवलं, उशी मिठीत दिली. समोर सिस्टर तिचे खांदे धरून उभी राहिली. नवऱ्याला हिरवी टोपी घालून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं. डॉक्टरबाई पाठीमागे. पाठीवर थंडगार औषध फिरलं आणि क्लचताईचे खांदे कानाला लागले.

"ताई," मागून आवाज आला, "मान खांद्यात घालून बसू नका. खांदे खाली. श्वास घ्या. लांब बघा."

"हे माझं वाक्य आहे!"

"पाठ गोल करा. बाळाभोवती वळा. आता मुंगी चावल्यासारखं होईल. मग दाब वाटेल."

मुंगी चावली. क्लचताईने उशीला मिठी मारली, डोळे मिटले आणि सवयीने उजवा पाय पुढे दाबला. हवेत, जिथे काहीच नव्हतं. तिच्या मनात आलं, इथे माझ्या पायाखाली ब्रेक नाही. आणि नवल म्हणजे तिला हलकं वाटलं. चालवू दे कोणीतरी. आपण नुसतं बसू.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"इंजेक्शन."

"एवढंच?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की हात धूत असलेले प्रसूतीचे डॉक्टर दारातून डोकावले. "एवढ्यासाठी मी नऊ महिने मेले?"

तिला आडवं केलं, कमरेखाली एका बाजूला उशी सरकवली. पाय आधी ऊबदार झाले, मग जड झाले, मग दुसऱ्या कोणाचे तरी झाले. मध्ये पडदा लागला. डॉक्टरबाई पोटावर थंड फवारा मारून विचारत होत्या, "गार लागतंय?" "नाही." "इथे?" "नाही." "इथे?" "तिथे लागतंय, तो माझा खांदा आहे!" सगळे हसले.

आणि मग एकाएकी तिला मळमळलं. छत जरा लांब गेलं. "डॉक्टर, मला कसंतरी..."

"दिसतंय मला." डॉक्टरबाईंचा हात आधीच सलाइनच्या नळीशी गेला होता. "रक्तदाब उतरलाय. या भुलीत उतरतो. तुमचा उतरला की बाळाला रक्त कमी पोचतं, म्हणून मी त्याच्याकडे डोळा लावून बसलेय. औषध दिलं. मोठा श्वास. आता येईल वर. आला बघा."

छत जागेवर आलं. मळमळ गेली. तिने नुसती मान वळवून पाहिलं. ही बाई पुलाच्या चढावर गाडी बंद पाडते? मग तिला कापरं भरलं, दात वाजू लागले. हे या भुलीत होतंच, म्हणून सिस्टरने अंगावर गरम पांघरूण घातलं. क्लचताई दात वाजवत म्हणाली, "म-म-मागचा गि-गियर कुठवर आ-आला?"

"पाय दिसले," पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले. "दोन आहेत."

"मोजले का नीट?"

"कंबर आली. मुलगी आहे."

बाहेर दाराशी उभ्या सासूबाईंना हे कसं ऐकू गेलं कोण जाणे; त्यांचा "सांगितलं नव्हतं मी?" असा आवाज आत ऐकू आला. ओढल्यासारखं, ढवळल्यासारखं वाटत होतं, दुखत मात्र काहीच नव्हतं. जणू कोणी पोटात हात घालून कपाट आवरतंय. आता फक्त डोकं यायचं होतं. क्लचताईने श्वास धरला.

आणि आवाज आला. केवढा आवाज! पेंगुळलेला नाही, रडका नाही. सरळ संतापलेला. बाळाच्या डॉक्टरांनी तिला पुसायला घेतलं तर ती त्यांच्यावरच ओरडली. "हिला काही लागणार नाही," ते हसून म्हणाले, "कानांत घालायला बोळे मात्र आम्हालाच लागतील," आणि ते ओलं, गरम, गुलाबी गाठोडं त्यांनी क्लचताईच्या छातीवर आणून ठेवलं. गाठोडं एकदम गप्प झालं. एक डोळा उघडून त्याने आईकडे पाहिलं. भुवया चढवून पाहिलं.

तेवढ्यात स्टुलावरून कोणीतरी बोलू लागलं. "हिची नखं बघ, अगं, केवढी लहान आहेत, आणि कान बघ, आईसारखे, आणि डोळ्यांत प्रकाश पडल्यावर बुबुळ आकसतंय बघ, नजर एकदम साफ असणार, आणि हिला आपण..." सगळ्यांनी वळून पाहिलं. नवरा बोलत होता. फडकं कुठेतरी पडलं होतं, चष्म्याच्या काचा धुक्याने भरल्या होत्या आणि त्या न पुसता तो बोलतच होता. टाके घालून होईपर्यंत तो बोलत राहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यांना पण थोडी भूल द्या."

संध्याकाळी वॉर्डात उन्हाची तिरपी पट्टी खाटेवर पडली होती. डॉक्टरबाई ड्यूटी संपवून डोकावल्या. लायसन्सच्या परीक्षेचं त्यांनी स्वतःहून सांगितलं: आता भीती वाटत नाही. (त्या पास झाल्या. परीक्षकाने नुसतं एकदा वळण घ्यायला लावलं आणि खाली उतरला.) क्लचताईने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी मोठं बोलायचं ठरवलं आणि तोंडातून आलं, "चौथा गियर छान टाकलात."

त्या गेल्यावर सासूबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. नात त्यांच्या मांडीवर होती. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि हीच त्या दिवसातली सगळ्यात नवलाची गोष्ट होती.

"अगं," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "बाहेर दारातून मला अर्धवटच ऐकू आलं. पहिलं रडली ती कशी? मला नीट सांग. आख्ख्या शहराचे आवाज या कानांनी ऐकले मी. तेव्हा मी भुलीत, म्हणून माझ्या लेकाचा पहिला तेवढा राहिला."

क्लचताईने सांगितलं. कसा आवाज होता, किती मोठा, मध्ये श्वास कुठे घेतला, छातीवर ठेवल्यावर कशी गप्प झाली. सांगताना ती तो आवाज काढूनही दाखवू लागली. सासूबाई डोळे मिटून, हात कानाशी नेऊन ऐकत राहिल्या. "पुन्हा," त्या म्हणाल्या. तिने पुन्हा काढला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"थांबा, थांबा!" क्लचताई मध्येच ओरडली. "अंगठा! माझा अंगठा हलला!"

सगळे पांघरुणाच्या टोकाकडे धावले. नवऱ्याने पांघरूण वर केलं. डाव्या पायाचा अंगठा, दिवसभर परका झालेला, अगदी जरासा मान हलवत होता. "हलव, पुन्हा हलव," नवरा म्हणाला. तिने हलवला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या बाईनेही वाजवल्या. त्या आवाजाने मुलगी दचकली, तोंड उघडलं, क्षणभर विचार केला आणि दुपारपासून साठवून ठेवल्यासारखी अशी काही रडली की दारातून सिस्टर धावत आली.

"काय चाललंय काय? हा वॉर्ड आहे का बाजार? भेटायची वेळ संपली, चला सगळे बाहेर!"

"सिस्टर, अंगठा..." नवरा सांगायला लागला.

"सगळ्यांना असतो अंगठा! चला!"

"मला हसवू नका," क्लचताई पोटावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "अहो, मला हसवू नका, टाके दुखायला लागलेत!"